खरूज : औषध एकाला नको, अख्ख्या घराला हवे

पावसाळ्यापासून थंडी सरेपर्यंत वस्त्यांमध्ये आणि वसतिगृहांमध्ये आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "ताई, मलम लावलं, आठ दिवस बरं वाटलं, आणि परत खाज सुरू झाली. असं का होतं?" विचारणारी आई लेकराचे हात पुढे करून दाखवते. तिच्या स्वतःच्या बोटांच्या बेचक्यांतही तेच बारीक फोड असतात, पण ते ती पदराआड ठेवते. लेकराची खरूज दाखवता येते, स्वतःची दाखवायला लाज वाटते.

तिच्या प्रश्नाचे उत्तर त्या पदराआडच्या हातात आहे. औषध लेकराला मिळाले, आईला मिळाले नाही. आजीला नाही, थोरल्या भावाला नाही. आठ दिवसांनी तोच किडा घरातल्या दुसऱ्या अंगावरून परत लेकराच्या अंगावर आला. औषध खोटे नव्हते, ते अपुऱ्या माणसांना मिळाले होते. या महिन्याच्या पानावर हीच गोष्ट नीट समजून घेऊ.

हा किडा कोण?

खरूज हा रक्तदोष नाही. अंगातली उष्णताही नाही. वांगी, मासे किंवा गूळ खाल्ल्याने ती होत नाही. गोचीड आणि कोळी यांच्या कुळातला एक अतिसूक्ष्म जीव माणसाच्या कातडीत घर करतो, त्यामुळे ती होते. त्याची मादी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते. सुईच्या टोकाएवढी म्हणा. ती कातडीच्या अगदी वरच्या थरात बीळ कोरत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात आणि साधारण दोन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. मादी महिना-दीड महिना जगते.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे. पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला लगेच खाज सुटत नाही. किडा, त्याची अंडी आणि त्याची विष्ठा यांची शरीराला ॲलर्जी येते, तेव्हा खाज सुरू होते. त्याला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे जवळजवळ महिनाभर माणूस अंगावर किडे बाळगतो, इतरांना देतो, आणि त्याला स्वतःला काही कळत नाही. "मला कुठे खाज येते? मला कशाला औषध?" असे घरातला जो म्हणतो, नेमका तोच पुढची फेरी सुरू करून देतो. ज्याला पूर्वी एकदा खरूज होऊन गेली आहे त्याला मात्र दुसऱ्या वेळी एक ते चार दिवसांतच खाज सुटते.

ओळखायची कशी?

खाज रात्री वाढते. अंथरुणात शिरून अंग उबदार झाले की माणूस खाजवून हैराण होतो. फोड येण्याच्या जागा ठरलेल्या असतात : बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपर, काखा, बेंबीभोवती, कमरपट्टा, नितंब, मांड्यांची आतली बाजू, स्त्रियांच्या स्तनाग्राभोवती, पुरुषांच्या लिंगावर आणि अंडकोशावर. तान्ह्या बाळांना तळहात, तळपाय, डोके आणि चेहरा यांवरही फोड येतात. नीट पाहिले तर काही ठिकाणी पेन्सिलीची बारीक वाकडी रेघ ओढल्यासारखी खूण दिसते. ते किड्याचे बीळ.

या सगळ्यापेक्षा मोठी खूण कातडीवर नसते, घरात असते. "घरात आणखी कोणी खाजवतं का?" या प्रश्नाला "हो" असे उत्तर आले की निम्मे निदान झाले. नायटा गोल चकंदळासारखा पसरतो आणि त्याची कडा उठून दिसते; त्याचे औषध वेगळे. म्हणून खरूज की नायटा हे एकदा आरोग्य केंद्रात दाखवून पक्के करून घ्या.

कुत्र्याला, बकरीला होणाऱ्या खरजेचा किडा वेगळ्या जातीचा असतो. तो माणसाला चावतो, काही दिवस खाजही देतो, पण माणसाच्या अंगावर त्याची वीण होत नाही. कोंबड्यांच्या खुराड्यातले किडेही असेच चावतात. जनावराचा आणि खुराड्याचा बंदोबस्त केला की ही खाज आपोआप थांबते. माणसाची खरूज तशी थांबत नाही.

"घाणेरडे लोक" हा शिक्का

खरूज झालेल्याला "घाणेरडा" म्हणतात, आणि आपल्याकडे हा शब्द जातीला चिकटायला वेळ लागत नाही. वर्गात एखाद्या मुलाला खरूज झाली म्हणून शेवटच्या बाकावर एकटे बसवले जाते. वेगळे बसवण्याचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

म्हणून ठामपणे सांगतो : खरूज हा अस्वच्छतेचा रोग नाही. दाटीचा रोग आहे. किडा कातडीच्या आत असतो. रोज दोन वेळा साबण लावून अंघोळ केली तरी तो धुऊन जात नाही. एका खोलीत सात माणसे एका पांघरुणात झोपत असतील तर ती कितीही स्वच्छ राहिली तरी एकाची खरूज सातांना होणार. बंगल्यात प्रत्येकाला वेगळी खोली आणि वेगळा पलंग असतो, म्हणून तिथे ती कमी पसरते. फरक जागेचा आहे, माणसांचा नाही.

या रोगाचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. 1687 साली इटलीतल्या जोव्हान्नी बोनोमो या डॉक्टरने सूक्ष्मदर्शकाखाली हा किडा पाहून त्याचे चित्र काढले. पण किडा असतो हे त्याला सुचले कशावरून? त्यानेच लिहून ठेवले आहे, की गरीब बायका आपल्या लेकरांच्या फोडांतून टाचणीच्या टोकाने काहीतरी काढून उवेसारखे नखावर चिरडतात, आणि लिव्होर्नोच्या बंदरातले खरजेने पिडलेले गुलामही एकमेकांसाठी हेच करतात, हे त्याने पाहिले होते. मोठ्या वैद्यांनी मात्र पुढची जवळजवळ दीडशे वर्षे "रक्त बिघडले" हाच धोशा लावला. 1834 साली कॉर्सिका बेटावरून आलेल्या रेनुच्ची नावाच्या विद्यार्थ्याने पॅरिसच्या रुग्णालयात सर्वांसमोर सुईने किडा काढून दाखवला, तेव्हा वाद मिटला. तोही ही युक्ती आपल्या बेटावरच्या गावाकडच्या बायकांकडून शिकला होता. ज्यांना घाणेरडे म्हटले गेले, त्यांना रोगाचे कारण आधी कळले होते.

कपड्यांतून किती, कातडीतून किती?

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये सैनिकांना खरजेने फार सतावले. तेव्हा 1941 च्या सुमारास केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने शेफील्ड शहरात प्रयोग केले. त्याच्या प्रयोगात उतरलेले तरुण युद्धात शस्त्र हाती घ्यायला तत्त्वाने नकार देणारे होते. खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले कपडे त्यांनी घातले, त्यांच्या पांघरुणात ते झोपले. तरी लागण फारच थोड्यांना झाली. लागण झाली ती मुख्यत्वे खरूज झालेल्या माणसाशेजारी अंगाला अंग लावून झोपल्यावर. आणखी एक गोष्ट दिसली : अंगभर फोड असलेल्या माणसाच्या अंगावरही किड्याच्या माद्या साधारण दहा-पंधराच असतात.

म्हणून हस्तांदोलन केल्याने, शेजारी बसल्याने किंवा वही हातात घेतल्याने सहसा खरूज होत नाही. बराच वेळ कातडीला कातडी लागावी लागते : एका अंथरुणात झोपणे, लेकराला कडेवर घेणे, नवराबायकोचा संबंध.

मग दमट हवेचा संबंध काय? किडा माणसाच्या अंगावरून खाली पडला की सुकून मरतो. नेहमीच्या हवेत तो दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही. पण हवा थंड आणि ओलसर असेल तर तो सुकायला वेळ लागतो आणि तो जास्त दिवस तग धरतो. पावसाळ्यात गोधडी वाळत नाही, खोलीत ऊन येत नाही, आणि गारठ्यामुळे माणसे जवळ जवळ झोपतात. कपड्यांची काळजी म्हणूनच घ्यायची. पण भिंती, फरशी, भांडी यांवर औषध फवारण्याची गरज नाही. तो खर्च वाया जातो आणि फवारा लेकरांच्या छातीत जातो.

एकच रात्र, सगळे घर

1. आधी यादी करा. घरात झोपणारे सगळे : तान्हे बाळ, म्हातारी आजी, रात्रपाळीला जाणारा भाऊ, सुट्टीला आलेली भाची. खाज असो वा नसो, सगळे.

2. सगळ्यांना पुरेल एवढे औषध आधी आणा, मग सुरुवात करा. पाच टक्के परमेथ्रिन हे पहिल्या पसंतीचे मलम. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण 30 ग्रॅम लागते. एक ट्यूब सहा जणांत वाटून घेतली तर सहाही जणांची खरूज राहते. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना "घरात आम्ही इतके जण आहोत" असे सांगूनच औषध मागा.

3. रात्री झोपताना लावा. अंग कोरडे आणि थंड असावे. आधी गरम पाण्याने खसाखसा अंघोळ करायची गरज नाही. बांगड्या, अंगठ्या, करदोडा असेल तर काढा. नखे कापा.

4. फक्त फोडांवर लावू नका. मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत सगळ्या अंगाला लावा : बेचक्या, नखांच्या खाली, काखा, बेंबी, जांघा, नितंबांमधली फट, तळपाय. पाठीला दुसऱ्याने लावावे. तान्ह्या बाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना डोक्याला आणि चेहऱ्यालाही लावायचे, डोळे आणि तोंड सोडून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला आणि गरोदर बाईला डॉक्टरांना विचारूनच लावा.

5. औषध आठ ते चौदा तास अंगावर राहू द्या. मध्ये हात धुतले तर हातांना परत लावा. अंगावर पाजणाऱ्या आईने पाजण्याआधी स्तन पुसून घ्यावा, नंतर पुन्हा लावावे.

6. सकाळी अंघोळ करून धुतलेले कपडे घाला. गेल्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल कडक गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवून धुवा आणि उन्हात वाळवा. ऊन नसेल तर गरम इस्त्री फिरवा. वाकळ, गोधडी धुता येत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठ दिवस बाजूला ठेवा. माणूस मिळाला नाही की किडा मरतो.

7. सात दिवसांनी हे सगळे पुन्हा एकदा. अंड्यांतून नंतर निघालेले किडे या वेळी मरतात. पहिल्या वेळेनंतर बरे वाटले म्हणून दुसरी वेळ टाळणारी घरे आम्ही खूप पाहतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या तारखेला खूण करून ठेवा.

आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही चांगल्या काम करतात. मात्रा वजनावर ठरते : किलोमागे 200 मायक्रोग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 12 मिलिग्रॅम. एक ते दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा. गरोदर बाईला आणि 15 किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला ही गोळी देऊ नये. डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी.

हे करू नका

मेडिकलमधून न विचारता "खाजेची ट्यूब" आणू नका. त्यांपैकी बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. बेटामेथासोन, क्लोबेटासोल अशी नावे छापलेली दिसतील. त्याने दोन दिवसांत खाज कमी होते, लाली जाते, माणूस खूश होतो. पण किडा मरत नाही. खुणा दबल्याने डॉक्टरलाही रोग ओळखू येत नाही, आणि किडे आत वाढत राहतात.

शेतात फवारायचे औषध, रॉकेल, फिनेल, बॅटरीतले पाणी अंगाला लावू नका. कातडी भाजते, लेकराला विषबाधा होऊ शकते. कपाटात जुने गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराइडचे लोशन पडले असेल तर ते वापरू नका. ते कातडीतून रक्तात उतरते आणि फिट येऊ शकते. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने अंघोळ करायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर औषध टाळू नका.

औषधानंतरही खाज?

किडे मेले तरी त्यांचे अवशेष काही दिवस कातडीत राहतात. त्यामुळे दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, हळूहळू कमी होते. या काळात रोज मलम चोपडू नका. त्याने कातडी कोरडी होऊन खाज आणखी वाढते. खोबरेल तेल लावा, डॉक्टरांनी दिलेली खाजेची गोळी घ्या. मात्र चार आठवडे उलटले तरी खाज तशीच असेल, किंवा नवे फोड आणि नव्या रेघा दिसत असतील, तर पुन्हा दाखवा.

दवाखान्यात लगेच कधी जायचे?

खाजवून जखमा होतात आणि त्यांत जंतू शिरतात. फोडांत पू झाला, आजूबाजूला सूज आली, ताप आला तर मलमाने भागत नाही, जंतूंवरचे औषध लागते. अशा पिकलेल्या खरजेनंतर दोन-तीन आठवड्यांनी मुलाचा चेहरा सुजला, लघवी कमी झाली किंवा चहासारखी लाल-काळी झाली, तर मूत्रपिंडाला सूज आल्याची शंका घ्या आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. "साधी खरूज" म्हणून सोडून दिलेले दुखणे इथवर जाऊ शकते.

म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाच्या कातडीवर जाड खपल्या चढल्या असतील तर ती वेगळ्या प्रकारची खरूज असू शकते. तिच्यात किडे हजारोंनी असतात, खाज मात्र कधी कधी कमीच असते. ही घरी बरी होत नाही.

वसतिगृहे आणि आश्रमशाळा

एका मुलींच्या वसतिगृहात आम्ही गेलो तेव्हा तिथे तीन महिने खरूज फिरत होती. जी मुलगी तक्रार करील तिला एक ट्यूब, अशी पद्धत होती. दर आठवड्याला कोणी बरी होत होती, कोणी नव्याने खाजवत होती. आम्ही खोलीवार यादी केली. सगळ्या मुली, अधीक्षिका, स्वयंपाकाच्या मावशी, सगळ्यांना एकाच रात्री औषध दिले. तरी दोन मुली त्या रात्री गावी होत्या. त्या परत आल्या आणि त्यांच्या खोलीत खाज पुन्हा दिसली. तेवढ्या खोलीचे सगळे पहिल्यापासून करावे लागले, आणि त्या दोघींच्या घरीही निरोप धाडावा लागला. त्यानंतर खरूज थांबली.

हे जगाच्या अनुभवाशी जुळणारेच आहे. फिजी बेटांवर झालेला एक मोठा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. एका भागात फक्त रुग्णांना आणि त्यांच्या निकटच्यांना मलम दिले. तिथे वर्षभरात खरजेचे प्रमाण 36.6 टक्क्यांवरून 18.8 टक्क्यांवर आले. दुसऱ्या भागात सगळ्यांनाच आयव्हरमेक्टिन दिले. तिथे ते 32.1 टक्क्यांवरून 1.9 टक्क्यांवर आले. 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेने खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. दुर्लक्ष रोगाकडे झाले, कारण तो ज्यांना होतो त्यांच्याकडे आधीच दुर्लक्ष होते.

आपण काय मागायचे? 2013 साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा आणि अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते. त्यात तपासायच्या आजारांच्या यादीत खरूज आहे. मुख्याध्यापकांना, अधीक्षकांना, वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी विचारा : तपासणी कधी झाली? खरजेची किती मुले सापडली? औषध सगळ्या खोलीला दिले की फक्त त्या मुलाला? दुसरी मात्रा कोणत्या तारखेला? आणि एका गादीवर दोन मुले का झोपतात, हा प्रश्नही त्याच अर्जात घाला. औषधाने खरूज जाईल. जागा मिळाली नाही तर ती पुन्हा येईल.

औषध घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी मूल शाळेत जाऊ शकते. त्याला घरी डांबून ठेवू नका, आणि शाळेने त्याला वेगळे बसवले तर गप्प राहू नका.

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हे पान एकदा मोठ्याने वाचा. वाचून झाल्यावर सगळ्यांनी आपापले हात पुढे करून बोटांच्या बेचक्या पाहाव्यात, सर्वांत आधी वाचणाऱ्या बाईने स्वतःच्या. एकीने हात दाखवला की बाकीच्यांची लाज जाते. मग कोणाच्या घरात किती माणसे झोपतात हे मोजा, तेवढे औषध लिहून घ्या, आणि रात्र ठरवा.